साखळीएवढा माळ

"हरणाच्या शिकारीला येतीस का?" असा विक्रमचा निरोप फोनवर आला, तेव्हा मी त्याला उलट जे लिहून पाठवलं ते छापलं असतं तर पाठपोट पत्रक झालं असतं. माझा त्याला इलाज नाही. इचलकरंजीत आमच्या घराच्या खाली यंत्रमाग चालायचे आणि वर, जेवणं उरकली की सतरंजीवर पत्रकं दुमडायचं काम चालायचं. मजुरीवरची, पाण्यावरची, बुवाबाजीवरची. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. वडिलांनी माझं नावही क्रांती ठेवलं, म्हणजे हाक मारतानाही प्रचार व्हावा.

विक्रमने माझं सगळं वाचलं आणि एवढंच लिहिलं, "बंदूक न्हाय गं बाई. नुसतं बघायचं. शबानाचे आबा दाखवणार हायत."

शबाना, विक्रम आणि मी पुण्यात एकाच वर्गात होतो. आता शबाना इंदापूरला वडिलांच्या पाइप आणि मोटारींच्या दुकानात बसते, विक्रम पणदऱ्याला ऊस आणि गाई सांभाळतो. दरवर्षी भेटायचं म्हणतो आणि दरवर्षी राहतं. या वर्षी माघ संपत आला असताना ते जमलं, आणि ज्या शिकारीवर मी आयुष्यभर बोलत आले होते ती मला स्वतःला करावी लागली.

पणदरे

पहिला मुक्काम विक्रमच्या घरी होता. घराच्या तिन्ही अंगांना ऊस, आणि आभाळ फक्त अंगणापुरतं. रात्रभर उसातून पाणी फिरत होतं. ते कुठून येतं, कुठे जातं ते कळत नव्हतं, नुसता आवाज उशाशी होता. पहाटे धुकं उसाच्या शेंड्यांवर येऊन टेकलं आणि मला वाटलं, आपण कुठल्याशा तळ्याच्या तळाशी झोपलो आहोत.

गोठ्यात दूध काढायची मशीन सुरू झाली तेव्हा तिचा ठेका ऐकून क्षणभर घरी असल्यासारखं वाटलं. आमच्याकडे मागाचा असाच ठेका असतो, फक्त तो थांबत नाही. विक्रमच्या आईने, म्हणजे काकींनी, चुलीवरचा चहा दिला. त्यात इतकं दूध होतं की चहा नावापुरताच.

"हरणं बघाया एवढ्या लांबनं आलीस?" काकी म्हणाल्या. "आमच्या गाई बघ की. त्याबी बघत्यात तुझ्याकडं."

"आई, हिला गाई दाखवू नगं," विक्रम म्हणाला. "सांजच्यापतुर त्यांची संघटना काढंल."

"काढू दे. तुझ्यापेक्षा त्या तरी येळंवर उठत्यात."

काकींनी शेंगदाण्याच्या चटणीची पुडी आणि गुळाचा खडा आमच्या पिशवीत कोंबला, आणि आम्ही विक्रमच्या मोटरसायकलवरून निघालो.

हिरवं संपतं तिथे

बारामतीकडून इंदापूरकडे जाताना एका ठिकाणी हिरवं एकाएकी संपतं. कापडाचा ताका संपतो ना, तसा काठ आहे तिथे. कालव्याच्या अल्याड ऊस, पल्याड माळ. माळाचा रंग कोऱ्या कापडाचा, न धुतलेल्या, न रंगवलेल्या. गुडघाभर वाळलेलं गवत, मध्येच एखादी बाभूळ, एखादं हिवर, आणि वारा. वारा आला की अख्खा माळ एका बाजूला झुकतो आणि पुन्हा सरळ होतो, जणू कोणी त्याच्यावरून हात फिरवतोय.

सरकारी कागदात याला पडीक म्हणतात. हा शब्द ज्याने काढला त्याने इथे एक सकाळ तरी काढायला हवी होती. जिथे मेंढरं चरतात, लांडगा राहतो, चंडोल अंडी घालतो, त्या जमिनीला पडीक म्हणायचं आणि मग ती कोणालाही देऊन टाकायला मोकळं व्हायचं. पडलेली जमीन नाही, पडलेली आपली नजर आहे. हे मी गाडीवर मागे बसून मोठ्याने म्हटलं. विक्रम म्हणाला, "तोंड मिट, कुसळं जातील."

कुसळं तोंडात नाही, पण सलवारीत गेली. काही पावलं गवतातून चालले तर पोटरीपर्यंत कापड सुयांनी भरलं. शबाना तिच्या आजोबांच्या वस्तीच्या दारात उभी राहून हसत होती. "ओढू नको," ती म्हणाली, "ज्या बाजूनं शिरली त्याच बाजूनं काढायची. नाहीतर मोडून आत राहतात."

इमामआबा बाजेवर बसले होते. पांढरी टोपी, अंगात स्वेटर, दोन्ही गुडघ्यांना गरम पट्टे. पंचक्रोशीत हिंदू-मुसलमान सगळेच त्यांना आबा म्हणतात. शबानाने माझं नाव सांगितलं.

"किरांती?" आबा म्हणाले. "मंग जपून ऱ्हा पोरी. हितं समदं जुनंच हाय."

आबांनी तरुणपणी हरणं मारली आहेत. त्यांनी ते लपवलं नाही आणि मिरवलंही नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "कायदा आला तवा बंदूक चौकीत नेऊन दिली. लई वाईट वाटलं. पर दिली म्हणून आज तुमाला दावायला जनावर तरी हाय." माझ्या तयार ठेवलेल्या वाक्यांपैकी निम्मी तिथेच निकामी झाली.

उरलेली मी तारावर खर्च केली.

तारा म्हणजे आबांची कुत्री. कारवान जातीची, लांब तोंडाची, उंच पायांची, पोटाकडे इतकी आत गेलेली की उभी असतानाही धावतेय असं वाटावं. ही शिकारीचीच जात. दाराजवळच्या खुंटीला ती लोखंडी साखळीने बांधलेली होती, आणि साखळी जेवढी पोचते तेवढ्या गोलात गवताचं पातं नव्हतं. भोवती माळ पसरलेला आणि मध्ये हा टक्कल पडलेला गोल.

शबानाने कारण सांगितलं. दिवाळीच्या आधी ताराने एक ससा धरला आणि तो नेमका जंगलखात्याच्या गार्डने पाहिला. आबांच्या वयाकडे बघून त्याने समज देऊन सोडलं. आबांनी त्याला जबान दिली की पुन्हा हिने कुठल्या जनावराला तोंड लावलं, तर ही माळावर राहणार नाही. शबानाची आत्या वालचंदनगरला क्वार्टरमध्ये राहते, तिच्याकडे पाठवायची.

"क्वार्टरला अंगण आहे का?" मी विचारलं.

"आहे. सिमेंटचं. चार ढांगा टाकल्या की भिंत."

आबा ताराच्या कानामागे खाजवत राहिले. ही त्यांच्याकडची शेवटची. याआधीच्या सगळ्या माळावरच गेल्या आणि माळावरच पुरल्या.

संध्याकाळी मी एक गोष्ट पाहिली, ती आधी सांगायला हवी. शेळ्या हौदावर पाणी प्यायला आल्या, तेव्हा आबांनी ताराला सोडलं. ती वाऱ्यासारखी गेली, शेळ्यांपासून थोड्या अंतरावर थांबली आणि खाली बसली. पुढचे पाय ताठ, अंग थरथरतंय, पण बसलेली. शेळ्या आरामात पाणी पीत होत्या.

"पाण्यावर आलेलं जनावर मारायचं न्हाय," आबा म्हणाले. "माझ्या बापाचा रिवाज. त्याच्या बापाचाबी. माणूस ऱ्हाऊ द्या, कुत्रंसुदीक बसलं पायजे. रोज बसवतो मी तिला. पिल्लू व्हती तवापास्नं."

"आणि पाणी पिऊन झालं की?"

"मंग रिवाज संपला."

मला तो रिवाज आवडला आणि त्याचं असं संपणं आवडलं नाही. पण त्याहून जास्त ती साखळी डोळ्यांत खुपत होती. परत बांधताना तिचा जो आवाज झाला तो मला सहन होईना. मी म्हटलं, आबा, लोखंडाची साखळी कशाला? मुकं जनावर आहे, गुन्हेगार नाही. बांधून ठेवून कोणी सुधारलंय का? बरंच बोलले. विक्रम गालात हसत होता. आबा शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि शबानाला म्हणाले, "सुताचा दोर बांध गं. पाव्हनी हाय, तिला झोप न्हाय यायची."

शबानाने साखळी काढली, दोर मी बांधला. ताराने माझा हात चाटला. शबानाच्या अम्मीने हुलग्याचं माडगं आणि बाजरीची भाकरी वाढली. आमच्याकडे पांढरा रस्सा वाटीने पितात तसं इथे हे गरम माडगं पितात. वर चांदणं इतकं दाट होतं की बोलताना आवाज आपोआप खाली येत होता. मी समाधानाने झोपले. एक साखळी कमी केली होती.

पाणवठा

उजाडायच्या सुमाराला निघालो. आबा विक्रमच्या मोटरसायकलवर अर्ध्यापर्यंत, पुढे काठी टेकत. माळाच्या पोटात एक उथळ खोलगट जागा आहे, तिथे बशीसारखा सिमेंटचा पाणवठा बांधलाय. उन्हाळा लागायच्या आधीपासून टँकरने त्यात पाणी सोडतात. आम्ही वाऱ्याच्या खालच्या बाजूला, हिवराच्या आडोशाला पोटावर पडलो. आबा मात्र बसले. पडलो तर उठवायला माणसं लागतील, म्हणाले.

मग काहीच झालं नाही. असं काहीच न होणं मी पूर्वी अनुभवलं नव्हतं. उजेड वरून येत नव्हता, गवतातूनच वर येत होता. आधी शेंडे दिसले, मग दांडे, मग मधल्या सावल्या. दव वाळत होतं त्याचा वास येत होता. माझा हात, माती, मातीवरचा मुंगळा, सगळ्यांचा रंग एक झाला होता.

"त्या बाभळीच्या डाव्या अंगाला," आबा इतक्या हळू म्हणाले की ते मी ऐकलं की मला सुचलं, सांगता येणार नाही.

बाभळीच्या डाव्या अंगाला गवतच होतं. मग गवताला पाय फुटले. एक मादी आणि तिच्यामागे शिंगं वर उचललेला नर. चिंकारा. माळाच्याच मातीची करून माळावर सोडून दिलेली असावीत अशी. मादी दोन पावलं टाकायची, थांबायची, शेपूट हलवायची, पुन्हा दोन पावलं. ती पाण्याशी आली, पुढचे पाय फाकवले आणि तोंड खाली घातलं. पाण्यावर गोल उठले ते इतक्या लांबून दिसले. मला वाटलं, आता श्वास घेतला तर हे पुसलं जाईल.

शबानाने माझं मनगट घट्ट धरलं. मला वाटलं आनंदाने.

पाणवठ्याच्या उजव्या बाजूला, हरणांपासून फार तर अंगणभर अंतरावर, गवतात तारा बसली होती. पुढचे पाय ताठ. गळ्यात कुरतडलेला सुताचा दोर.

विक्रमच्या तोंडून शिवी निघता निघता राहिली. आबांनी हात नुसता आडवा केला. "कुनी हलायचं न्हाय. हाक मारायची न्हाय. हाक मारली की हरीण पळंल, आन् हरीण पाण्यावरनं सुटलं की ही उठंल."

"तोवर?" मी विचारलं.

"तवर बसंल. पाणी हाय तवर."

आबांचा चेहरा मी पाहिला. त्यांची नजर हरणांवर नव्हती. ते ताराकडे बघत होते. मादी पाणी पीत होती. ती किती पिणार?

आमच्या पत्रकांमध्ये दोन बरोबर गोष्टी कधी एकमेकींच्या अंगावर आल्या नव्हत्या. शिकार नको हे बरोबर. साखळी नको हेही बरोबर. इथे त्या समोरासमोर बसल्या होत्या, मध्ये बशीभर पाणी, आणि दोर माझा होता.

"शबाना गेली तर ती नाचंल, कुंईकुंई करंल," आबा कुजबुजले. "इक्रमच्या अंगाला गोठ्याचा वास, त्याच्यावर गुरगुरती. पोरी, तू जा. काल तू तिला हात लावलायस." त्यांनी गळ्यातला रुमाल काढला. जुना, मऊ, विडीचा आणि घामाचा वास असलेला. "हे तिच्या गळ्यात टाक. माझा वास हाय. आन् वारं तोंडावर घे. पाठीवर आलं तर हरणाला कळंल."

"मी?" मी म्हटलं.

"जनावराला गाठायचंय ना? मंग शिकाऱ्यावानी जायाचं. दुसरी वाट न्हाय."

मी गेले. गुडघ्यांवर आणि कोपरांवर. वारा गालावर नाही, नाकाच्या शेंड्यावर धरायचा, हे पहिल्या चार हातांत समजलं. गवत वाऱ्याने हलतं तेव्हाच हलायचं, वारा थांबला की थांबायचं. कुसळं कोपरात, पोटात शिरत होती आणि ती दुखतात हे मला खूप लांबून कळत होतं. मादीने मान वर केली की मी दगड होत होते. तिने तोंड पाण्याला लावलं की पुन्हा हात पुढे. मध्येच केव्हातरी मी घाबरायची थांबले. डोकं रिकामं झालं, स्वच्छ, अंगण सारवून ठेवावं तसं. त्यात फक्त ते जनावर होतं, आणि माझ्यातलं आणि त्याच्यातलं अंतर. लाज वाटते, पण सांगते, इतकं छान मला क्वचितच वाटलंय.

तारापाशी पोचले तेव्हा तिने माझ्याकडे बघितलंच नाही. तिची बरगडी आत-बाहेर होत होती. मी रुमाल तिच्या मानेवरून टाकला, दुसऱ्या बाजूने ओढून घेतला आणि दोन्ही टोकं मनगटाला वेटाळली. तिने नाक रुमालात खुपसलं आणि पुन्हा समोर पाहिलं.

मादीने तोंड वर उचललं. हनुवटीवरून पाणी गळत होतं. ती वळली, पाण्यावरून उतरली, आणि नराने पुढचा पाय आपटून शिंक दिली. चिंकारा धोक्याला असाच शिंकतो. त्या एवढ्याशा आवाजाने माळ फुटला.

ताराने झेप घेतली. माझा खांदा उखडल्यासारखा झाला, मी तोंडावर पडले, आणि गवतातून फरफटत काही अंतर गेले. रुमाल फाटला नाही. मी सोडला नाही. पण एक क्षण असा होता, हरणं उडत होती, खरंच उडत होती, गवताला पाय न लावता, आणि त्या क्षणी माझ्या हाताला सोडून द्यायचं होतं. तिला नाही, स्वतःला. मलाही जायचं होतं त्यांच्यामागे.

मग ती थांबली, कारण हरणं संपली होती. समोर नुसता माळ होता, झुकत आणि सरळ होत. तारा माझ्या छातीवर पंजे ठेवून धापा टाकत उभी राहिली. तिचं काळीज माझ्या बरगड्यांवर आपटत होतं, नाहीतर माझं तिच्या.

वाटा

वस्तीवर परत आलो तेव्हा शबानाच्या अम्मीने चुलीवर मटण ठेवलं होतं. काळ्या मसाल्याचं, आमच्या तांबड्यासारखं जिभेवर धावून न येणारं, पण मागाहून घशात बसणारं. शबाना चिमट्याने माझ्या कोपरातली कुसळं काढत होती. ज्या बाजूने शिरली त्याच बाजूने.

"आता पत्रकात काय लिहिणार?" विक्रमने विचारलं. "बंधू-भगिनींनो, मी शिकारीला गेले आन् कुत्रं धरून आले?"

"शिकारबंदी बरोबरच आहे," मी म्हटलं.

"ते कुणी नाकारलंय? तोंडाला माती लागलीया, ती पूस आधी."

जेवताना आबांनी पातेलं स्वतःकडे ओढलं. शिकारीचे वाटे करायची त्यांच्याकडे रीत होती. जेवढी माणसं रानात होती तेवढे सारखे वाटे, रांधणारीचा एक, कुत्र्याचाही माणसाएवढाच, आणि ज्याच्या हातून जनावर थांबलं त्याला कलेजी. शिकार सुटली, वाटे सुटले. त्या दुपारी आबांनी ते पुन्हा मांडले. विक्रमचा, शबानाचा, अम्मीचा, माझा, स्वतःचा. ताराचा परातीत. मग कलेजीचा तुकडा माझ्या भाकरीवर ठेवला.

"आबा, आपण काही मारलं नाही," मी म्हटलं.

"थांबलं ना जनावर? तुझ्या हातनं थांबलं. खा."

मी खाल्ला. त्याची चव अजून सांगता येत नाही.

जेवण झाल्यावर आबा आत गेले आणि साखळी घेऊन आले. ती त्यांनी माझ्यासमोर ठेवली. आवाज झाला, पण कालच्यासारखा वाटला नाही. "तिनं तोंड न्हाय लावलं. जबान शाबूत हाय. ती हितंच ऱ्हाईल. पर कशी ऱ्हाईल ते तू सांग. काल तू बोललीस, मी ऐकलं. आजबी ऐकतो."

त्यात टोमणा नव्हता. तो असता तर सोपं गेलं असतं.

"हरणं केव्हा फिरतात?" मी विचारलं.

"सकाळच्याला आन् सांजच्याला."

"मग तेव्हा साखळी. मधल्या वेळात तुमच्याजवळ मोकळी."

"आन् कोन बांधनार?"

दुपारभर तारा बाजेखाली मोकळी झोपली. झोपेत तिचे पाय धावत होते. ऊन उतरलं, माळ कोऱ्या कापडाचा होता तो हळदीचा झाला, शेळ्या हौदाकडे निघाल्या. विक्रम गाडी पुसत होता, आम्हाला अंधार पडायच्या आत निघायचं होतं. मी उठले, ताराला हाक मारली. ती आली. मी साखळीची कडी तिच्या पट्ट्यात अडकवली, दुसरं टोक खुंटीला. कडी पहिल्याच खेपेला बसली, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मला लगेच उठून जाता येईना. मी तिथेच बसले, त्या गवत नसलेल्या गोलात. माती उन्हाने कोमट होती. तारा माझ्या पावलावर हनुवटी टेकून बसली. आम्ही दोघी माळाकडे बघत राहिलो. लांब, बाभळीच्या डाव्या अंगाला, गवत हललं. वारा असेल, नाहीतर पाय.

ताराचे कान उभे राहिले. साखळी ताणली गेली. मीही तेवढीच पुढे झुकले होते.